सासूबाई हे वाक्य बोलत नाहीत

...आणि वर मलाच म्हणते, जरा लांब उभे राहा, तुमच्या श्वासाचा आवाज आत येतो! माझ्या श्वासाचा! म्हणजे आता माणसाने स्वतःच्या घरात, स्वतःच्या पॅसेजमध्ये, स्वतःच्या नाकाने श्वाससुद्धा घ्यायचा नाही. का? तर आत सासूबाई बोलायच्या थांबतात. आता या सासूबाई कोण, तर माझी आई. आणि ही गोष्ट तेव्हाची, माझी आई जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी रोज सकाळी दहाला ती आमच्या मागच्या खोलीत बोलायला लागायची आणि एकला जेवणासाठी थांबायची... नाही नाही, घाबरू नका, बसा. मीही आधी घाबरलो होतो. तक्रार नाही हो, नुसतं सांगतोय.

नीट सांगतो. आमची ही कादंबऱ्या लिहिते. विनोदी. तुमच्यापैकी कुणी वाचल्या असतील तर मी आधीच मान खाली घालतो, कारण माझ्याबद्दल जे कुणाला कळू नये ते सगळं तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षी नवरा ओला टॉवेल कुठे टाकायचा, बायकोच्या बाळंतपणात नवराच चक्कर येऊन कसा पडला आणि नर्सबाई बाळंतिणीला सोडून आधी त्याला कशा उचलायला धावल्या, मुलीने आयुष्यात पहिल्यांदा 'बाबा' म्हटलं ते नेमकं पोस्टमनकडे बघून... सगळं छापलंय. अकरा पुस्तकं! प्रत्येकात एक नवरा आहे, जरा मंद दाखवलाय, त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. पण अकराच्या अकरा पुस्तकांत सासूबाई आहेत, आणि लोक वेडे आहेत त्यांच्यापायी. भाजी घेताना अनोळखी बायका मला थांबवून विचारतात, सासूबाई बऱ्या आहेत ना?

आता हिची लिहायची पद्धत. बाकीचे लेखक मनातल्या मनात लिहीत असतील, ही तोंडाने लिहिते. आधी वाक्य मोठ्याने बोलायचं, ज्याचं असेल त्याच्या आवाजात, आणि नीट निघालं तरच कागदावर उतरवायचं. अडखळलं की ते वाक्य खोटं, काट मारायची. म्हणते, जे तोंडातून निघत नाही ते त्या माणसाचं नाहीच. नवऱ्याचा आवाज काढते, तो घोगरा आणि रडका काढते, का ते देव जाणे. मुलीचा काढते. पण सासूबाईंचा... सव्वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आहेत दोघींनी. तो सुस्कारा, तो वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर, ते मधेच 'हं' म्हणून थांबणं. डोळे मिटून ऐकलं तर सख्खा मुलगा फसेल.

आणि सख्ख्या मुलाचा धंदा काय? तर कान तपासणं. खरंच. काचेच्या बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचा, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि सांगायचं, आवाज आला की बटण दाबा. तीस वर्षं हेच करतोय. तेव्हा मला भास होतात असं तुम्ही म्हणू शकत नाही. माझे कान मी स्वतः दर सहा महिन्यांनी तपासतो. उत्तम आहेत. दुखणं तेच आहे.

आईला कानाचं मशीन मीच बसवलं होतं. ती ते डबीत ठेवायची. का गं, म्हटलं तर म्हणायची, बॅटरी उगाच जाते, तुझ्याकडे काही ऐकण्यासारखं असलं की सांग, घालते.

ती असताना मी हिच्याशी भांडायचो, बरं का. अगं, माझ्या आईला असं चारचौघांत... लोक हसतात तिला. आणि आई काय करायची? नवं पुस्तक आलं की चष्मा लावून बसायची आणि स्वतःची पानं मोजायची. मागच्या वेळी मी एकशे चाळीस पानं होते, या वेळी नव्वदच? मी काय कमी बोलले का वर्षभरात? आणि ही आत लिहीत असली की दाराबाहेरून चुका काढायची, मी तसं नव्हते म्हणाले, मी म्हणाले होते, तुला तुझ्या आईने भाजी चिरायला शिकवलंय की भाजीवर सूड घ्यायला? आतून ही म्हणायची, थांबा आई, परत सांगा, 'सूड' च्या आधी काय होतं? म्हणजे ज्यांच्यात मी मध्यस्थी करायला जायचो त्या दोघी मिळून पुस्तक लिहीत होत्या, आणि मधे मंद कोण, ते छापूनच आलंय. तक्रार नाही हो, नुसतं सांगतोय.

मग आई गेली. दोन महिने मागची खोली बंद होती. ही लिहायला बसायचीच नाही. कपाटं आवरायची, परत आवरायची. घर इतकं गप्प झालं की फ्रिज सुरू झाला तरी दोघं दचकायचो. आणि मग एका सोमवारी, सकाळचे दहा, पहिला पेशंट उशिराचा म्हणून मी अजून घरीच, पॅसेजमध्ये स्टुलावर बसून मोजे चढवतोय, आणि मागच्या खोलीतून आवाज आला, 'कालचेच ना रे ते मोजे, बाळ्या?'

मी चोपन्न वर्षांचा माणूस. दोन जिने चढलो तर धाप लागते. मी काय केलं असेल? मी मोजे काढले. आधी मोजे काढले, हे ध्यानात घ्या! उठलो, कपाटातून धुतलेले घेतले, परत येऊन बसलो, एक घातला, दुसऱ्यात अर्धा पाय गेला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तो पाय तसाच हवेत राहिला. किती वेळ ते मला सांगता यायचं नाही, पण त्या दिवशी पहिला पेशंट चाळीस मिनिटं खोळंबला होता.

दार ढकललं तर ही टेबलाशी पाठमोरी बसलेली. मान वळवली नाही तिने. स्वतःच्या आवाजात म्हणाली, 'दोन महिन्यांनी लागलाय आवाज. आता मला उठवू नका.'

तेव्हापासून रोज. मी पूर्वी सव्वानऊला घर सोडायचो, तो साडेदहाला सोडायला लागलो. कशासाठी ते विचारू नका. बूट पुसायचे असतात, पाण्याची बाटली भरायची असते, पॅसेजमध्ये माणसाला हजार कामं असतात. आमची मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला आहे, तिचा एकदा फोन आला, बोलता बोलता गप्पच झाली. म्हणाली, बाबा, मागे आजी बोलतेय का? मी म्हटलं, आई लिहितेय. मग म्हणाली, फोन जरा दाराकडे धर ना. धरला. चार-पाच मिनिटं धरला. ती तिकडे गप्प, मी इकडे गप्प, आणि आत आजी नळ दुरुस्त करणाऱ्याला झापतेय. त्या पोरीने नंतर दर सोमवारी दहा वाजता फोन करायला सुरुवात केली, आणि माझी चौकशी ती अर्ध्या मिनिटात उरकते.

इथवर ठीक होतं. माणसाला सवय होते. पण मग हिने जाहीर केलं की बारावं पुस्तक शेवटचं. यात सासूबाई जाणार. आणि पुस्तकाचं अगदी शेवटचं वाक्य म्हणून आईंचे खरेखुरे शेवटचे शब्द घालणार, त्यांचा तेवढा मान राहू दे. सगळे म्हणाले, वा, किती छान! मी मात्र बूट उचलून पॅसेजमध्ये गेलो.

कारण त्या शेवटच्या शब्दांची गोष्ट अशी आहे. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई, माझी मोठी बहीण, परगावाहून आली. बॅग हातात तशीच, चपला पायात तशाच, आणि पहिला प्रश्न, 'शेवटी काय म्हणाली रे?' घरात दहा-बारा माणसं. सगळी माझ्याकडे बघायला लागली. सगळ्यांना माहीत होतं की शेवटी आईजवळ मीच होतो, ही आईचे स्वच्छ गाऊन आणायला घरी आली होती. आणि मी... मला कुठून सुचलं हो ते? आयुष्यात कधी चार ओळींचं पत्र लिहिलं नाही मी. मी म्हणालो, 'म्हणाली, सगळ्यांनी मिळून मिसळून राहा, मी समाधानाने जाते आहे.'

ताई रडली. काका रडले. शेजारच्या बाई, ज्यांचं आईशी नऊ वर्षं बोलणं नव्हतं, त्यासुद्धा पदर लावून रडल्या. ताईने तर ते वाक्य कुणाकडून तरी वळणदार अक्षरात लिहून घेतलं, काचेची फ्रेम केली आणि तिच्या हॉलमध्ये आईच्या फोटोखाली टांगली. आता आईचा तो फोटो बघितलात तर कळेल. फोटो काढणाऱ्याने उशीर केला म्हणून ती त्याच्यावर उखडलेली आहे. वर तो चेहरा आणि खाली समाधान!

तुम्हाला म्हणून सांगतो. आई असं काही म्हणाली नव्हती. आणि ती शेवटी काय म्हणाली हे मला ठाऊकच नाही, कारण मी तिथे नव्हतोच. वर्षभर हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. हिलाही नाही.

आता ते वाक्य घेऊन ही बसली आत. पहिल्या दिवशी मी बूट पुसतोय, आणि आतून आई, 'सगळ्यांनी मिळून मिसळून...' थांबली. परत. 'सगळ्यांनी... मिळून...' छे. हे 'छे' हिचं. मग दमलेल्या आवाजात झालं. मग कवळी काढून ठेवली आहे अशा आवाजात. मग खोकून. मग चिडून, 'मिळून मिसळून राहा म्हणते ना!' तेवढं जरा जवळ गेलं, पण पुढे 'समाधानाने' आलं आणि गाडी अडली. आई आयुष्यात समाधानाने एकदाच बोलली होती, शेजारच्या बाईंचा नवा पडदा धुतल्यावर आखडला तेव्हा.

बारा दिवस! बारा दिवस माझी गेलेली आई भिंतीपलीकडे बसून माझं खोटं वाक्य घोकत होती. रोज नव्याने. भूत परवडलं हो. भूत निदान स्वतःचं बोलतं.

आणि जेवताना चौकशी वेगळीच. तुम्ही कधी लेखिकेसमोर खोटं बोलून बघा. अहो, नक्की 'मिळून मिसळून' म्हणाल्या की 'गुण्यागोविंदाने'? तेच काहीतरी, मी म्हणतो. तुम्ही हात धरला होतात का त्यांचा? हो. कुठला? उजवा. उजव्या हाताला तर सलाईन होतं. मग डावा असेल. तुम्ही कुठल्या बाजूला बसला होतात? खिडकीच्या. खिडकीकडून डावा हात कसा हाती लागेल, पलंग भिंतीला होता ना? मी म्हणालो, मला आमटी... नाही, मी म्हणालो, मला मीठ दे. तोंडात घास आणि मी पलंगाची दिशा आठवतोय. ती रागावत नव्हती, संशयही नव्हता तिच्या बोलण्यात. तिला नुसतं वाक्य जमत नव्हतं, आणि ते जमत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, आपण आईंचा आवाज विसरायला लागलो, असं तिला वाटायला लागलं. बाराव्या दिवशी जेवली नाही. ताटावरून उठताना म्हणाली, 'गेल्या हो आई. माझ्याकडून गेल्या आता.' आणि मी समोर बसून पोळी... ब्रेड, भात, जे काय होतं ते चिवडत होतो. मला काही आठवत नाही.

मला तर कामावरही चैन नव्हतं. एकदा पेशंट नव्हता म्हणून मीच काचेच्या खोलीत जाऊन बसलो. म्हटलं, जगातली सगळ्यात शांत जागा आहे, पाच मिनिटं बसू. हेडफोन लावला. मशीन बंद. आणि तिथे, त्या ठार शांततेत, 'मिळून मिसळून...' आणि तुम्हाला सांगतो, मी बटण दाबलं. सवयीने. आवाज आला की बटण दाबा! बाहेर रिसेप्शनवरच्या बाई उभ्या राहून बघत होत्या, साहेब एकटेच बसलेत, मशीन बंद आहे आणि बटण दाबताहेत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्यांनी झोपेच्या तक्रारींवरचं एक पत्रक ठेवलं होतं. मी म्हटलं ना, तक्रार नाही हो... नुसतं सांगतोय.

आता त्या दिवसाचं सांगतो. लांबवत होतो, कळलं असेल तुम्हाला.

दुपारचे पावणेचार. तिसरा आठवडा होता दवाखान्यातला. मी सकाळपासून खुर्चीवर. आई डोळे मिटून पडलेली, कानाचं मशीन नेहमीसारखं डबीत. मधेच डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलेल, मोठं, आयुष्यभर पुरेल असं. मी पुढे वाकलो. तर म्हणाली, 'जा, काहीतरी खाऊन ये. तुझं तोंड बघवत नाही मला.' मी म्हटलं, भूक नाही. तिला ऐकू आलं नाही किंवा आलं, ते मशीन डबीत असल्यामुळे आता कुणाला विचारणार? हाताने हाकललं तिने मला, डासाला हाकलतात तसं.

मी गेलो. खाली कँटीन होतं. चहा घेतला, एक सँडविच घेतलं. खिडकीपाशी जागा मिळाली, ऊन येत होतं. आणि तुम्हाला सांगतो, तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. तेच मला सोडत नाही. नुसतं खाल्लं असतं आणि वर आलो असतो तर एक वेळ... पण मला तिथे बसून बरं वाटलं. दुसरा चहा मागवला मी. एक अख्खा चहा मी फक्त ऊन बरं लागतंय म्हणून प्यायलो, हळूहळू. मग अर्धं सँडविच टाकून वर गेलो, तर नर्सबाई चादर सारखी करत होत्या. म्हणाल्या, आत्ताच, दहा मिनिटं झाली. कुठे होतात?

दहा मिनिटं. म्हणजे दुसरा चहा.

आता तुम्हीच सांगा, बॅग घेऊन दारात उभ्या असलेल्या ताईला मी काय सांगायचं होतं? आई म्हणाली, तुझं तोंड बघवत नाही, आणि मी म्हटलं ठीक आहे, आणि जाऊन चहा प्यायलो, दोन वेळा?

तेराव्या दिवशी, रविवारी, मी घरीच. बूट सकाळपासून तीनदा पुसून झालेले. आत परत सुरू झालं. 'सगळ्यांनी...' थांबलं. मग खुर्ची सरकली. आणि मग आतून, अगदी आईच्या, अगदी चिडायच्या आधीच्या आवाजात, 'पण हे मी म्हणाले कधी?'

ही स्वतःशीच बोलत होती हो. आवाजात शिरून चाचपत असते कधी कधी, मला माहीत आहे, सव्वीस वर्षं माहीत आहे. माझे कान उत्तम आहेत. तरी माझ्या तोंडून निघून गेलं. दाराबाहेर, हातात बूट.

'नाही म्हणालीस.'

मला वाटलं दार उघडेल. नाही उघडलं. आवाज आला, हळू, पण आईचाच.

'मग काय म्हणाले?'

'खाऊन ये म्हणालीस. तुझं तोंड बघवत नाही म्हणालीस. आणि मी गेलो. मी नव्हतो गं तिथे.'

आता इथे कुठलीही बायको बाहेर आली असती. अहो, असं कसं, मला आधी का नाही सांगितलंत... नाही. आतून जरा वेळाने आलं, 'हं. मग खाल्लंस का?'

'अर्धं.'

'आणि अर्धं?'

'टाकलं.'

'टाकलं,' आई म्हणाली. त्या शब्दात चोपन्न वर्षांचा सगळा राग होता. घशाखाली न उतरलेलं प्रत्येक दूध, शाळेच्या डब्यातून परत आलेली प्रत्येक भाजी. तुम्हाला सांगतो, मी तिथेच पॅसेजमध्ये बसलो आणि रडलो. ती गेली त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, लोक काय म्हणतील म्हणून रुमाल नुसता डोळ्यांना लावून फिरत होतो. इथे बूट मांडीवर घेऊन रडलो. पॉलिश लागलं सदऱ्याला. ही नंतर बाहेर आली, शेजारी फरशीवर बसली, काही बोलली नाही. ही बोलली नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे, पण तिने ते लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेवटचं प्रकरण सव्वा तासात संपवलं. मी ऐकलं. कुठे अडखळलं नाही.

पुस्तक आलं. मी आधी घेतलंच नाही हातात. म्हटलं, आता जगाला कळणार, मंद नवऱ्याने शेवटी काय केलं. मग एका दुपारी शेवटचं पान काढलं. त्यात सगळं आहे. जा, खाऊन ये आहे, तोंड बघवत नाही आहे, कँटीन आहे, ऊन आहे, दुसरा चहासुद्धा आहे... तो मी हिला नंतर सांगितला होता. मुलगा जिना चढून वर येतो. खोलीत येतो. आणि सासूबाई आहेत! एक डोळा उघडतात, त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, 'आलास? तोंड पूस.' मग तो तोंड पुसतो, आणि त्या जातात. संपलं पुस्तक.

मी हिच्याकडे गेलो. म्हटलं, अगं, मी वेळेत पोचलो नव्हतो. तुला सांगितलं होतं ना? ही काहीतरी निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली, माहीत आहे. मग हे काय लिहिलंस? तर म्हणे, 'मी काय करू? पहिल्या खेपेला निघालं तोंडातून.'

ताईचा फोन आला. मी तयारीतच होतो, म्हटलं आता फ्रेमचा हिशेब होणार. तर म्हणते कशी, मला तेव्हाच वाटलं होतं, आई कसली मिळून मिसळून म्हणतेय! मी म्हटलं, मग वर्षभर भिंतीवर कशाला टांगून ठेवलंस? म्हणाली, तू एवढं जमवून सांगितलं होतंस, काढायचं कसं? आणि मग जरा थांबून म्हणाली, बरं झालं बाई, तू होतास ते. मी हं म्हटलं. तिला सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही मी. पण ती तिकडे इतकी निवांत श्वास सोडत होती, आणि श्वास मला फार स्वच्छ ऐकू येतात.

मागची खोली आता सकाळी बंद असते. ही दुसरं काहीतरी लिहायचं म्हणतेय, त्यात नुसती प्रवासाला निघालेली माणसं आहेत, आई नाही कुणाची. मी परत सव्वानऊला निघतो. पॅसेजमध्ये कामच नसतं. मुलगी सोमवारी फोन करते आणि आता माझी चौकशी नीट करते, तिला दुसरं काही ऐकायचं नसतं ना. तक्रार नाही हो.

परवा एक वयस्कर बाई आल्या तपासायला. काचेच्या खोलीत बसवलं, हेडफोन लावणार तेवढ्यात माझा हात धरून म्हणाल्या, तुम्हीच ना ते, पुस्तकातले? आता इतकी वर्षं असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, पुस्तकातलं काही खरं नसतं हो, सगळं रचलेलं असतं. तो टॉवेल खोटा, ती चक्कर खोटी, पोस्टमन तर साफ खोटा. बाई म्हणाल्या, तसं असेल हो, पण तुम्ही शेवटी वेळेत पोचलात ते वाचून मला फार बरं वाटलं. माझा मुलगा लांब असतो. ते तेवढं तरी खरं असेल ना?

मी हेडफोन नीट केला. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

म्हटलं, तेवढंच खरं आहे. बाकी सगळं बायकोने रचलंय.